दादाच्या नावाचा ईसीजी

बारक्याचं नाव बारक्या कुणी ठेवलं ते आता घरात कुणाला सांगता आलं नसतं. ठेवलं तेव्हा शोभत असेल. आता त्याची चाळिशी उलटली होती, पोट टेबलाच्या कडेला टेकल्याशिवाय त्याला शिलाई मशीनवर बसता येत नव्हतं, आणि तरी गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा "बारक्याकाका, पँट झाली का?" असंच विचारायची. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. नाव दादानं ठेवलं असणार असा त्याचा अंदाज होता, आणि दादानं केलेल्या कुठल्याही गोष्टीला त्यानं आजवर नाक मुरडलं नव्हतं.

त्या सकाळी मात्र तो दवाखान्याच्या बाकावर बारक्या म्हणून बसला नव्हता. तो दादा म्हणून बसला होता. खिशात दादाचं ओळखपत्र, डोक्यात दादाची जन्मतारीख आणि ओठांवर दादासारखी भरघोस मिशी. ही मिशी वाढवताना त्याला फार सोसावं लागलं. गिऱ्हाइकं खोदून खोदून विचारायची, बायको तोंड फिरवून हसायची, आणि सुईत दोरा ओवताना तो ओठांत ओला करायला गेला की दोऱ्याआधी मिशीच ओठांत यायची. चेहरा दोघा भावांचा अगदी सारखा. गळ्याखाली जमीन-अस्मानाचा फरक होता, पण ओळखपत्रावरच्या फोटोत माणूस गळ्यापर्यंतच दिसतो, ही मोठी सोय होती.

दादा टॉवर क्रेन चालवायचा. बांधकाम कितीही मजल्यांचं असो, त्याची काचेची केबिन सगळ्यांच्या वर. रोज शिडी चढून जायचं आणि पाळी संपली की शिडीनं उतरायचं. खाली मुकादमापासून इंजिनिअरपर्यंत सगळ्यांची बोलणी खावी लागत. वर त्याच्यावर ओरडायला कुणी येत नसे. "वर गेलं की माणूस आपला आपण असतो," असं तो म्हणायचा, आणि खाली जमिनीवर चालताना नेहमी थोडा कंटाळलेला दिसायचा.

कंपनी दरवर्षी सगळ्या क्रेनवाल्यांना या दवाखान्यात तपासणीला पाठवी. गेल्या वर्षी इथल्या डॉक्टरबाईंनी दादाच्या ईसीजीचा कागद बराच वेळ निरखला होता. हृदयातल्या काही वाटा बंद पडल्यात, असं काहीसं त्या म्हणाल्या होत्या. चक्कर येते का? नाही. डोळ्यांपुढे अंधारी? नाही. कधी शुद्ध हरपली? छे, काहीतरीच काय. मग त्यांनी सही केली, पण बजावून केली. यातलं काहीही झालं तर वर चढायचं नाही, त्याच दिवशी इकडे यायचं.

आणि ते झालं. एका सकाळी बूट बांधता बांधता दादा जमिनीवर आडवा झाला. बारक्या त्याचा नवा शर्ट द्यायला आला होता, त्याच्या डोळ्यांदेखत हे घडलं. वहिनी तोंडावर मारायला पाणी आणेपर्यंत दादा उठूनही बसला, आणि हे दोघं पांढरेफटक पडून आपल्याकडे का बघताहेत ते त्याला कळेना.

"पोटात काही नव्हतं म्हणून झालं," तो म्हणाला. "आणि हे या दाराबाहेर गेलं तर माझ्याशी गाठ आहे."

वहिनी रडली, भांडली, दोन दिवस बोलली नाही आणि शेवटी मूग गिळून बसली. बारक्यानंही कानावर हात ठेवले. दादानं शब्द टाकला की त्या घरात तो कुणी खाली पडू देत नसे.

तपासणीची तारीख जवळ आली तशी दादानं ही शक्कल काढली. "तुझं काळीज ठणठणीत आहे ना? मग एक सकाळ दे की उसनं," तो म्हणाला. बारक्याला नाही म्हणायला तोंड नव्हतं. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. दादानं स्वतःची शाळा सोडून विटा वाहिल्या, ह्याला शिवणकाम शिकायला घातलं, आणि पहिलं मशीन त्यानं स्वतःच्या खांद्यावरून दुकानापर्यंत आणलं. शिवाय खरं सांगायचं तर बारक्याला या प्रकारात काही फार वाईट आहे असं वाटतच नव्हतं. कागदावर चार रेषा वाकड्या आल्या म्हणून चांगल्या चालत्या माणसाला घरी बसवायचं, हा डॉक्टर लोकांचा चोंबडेपणा, एवढंच त्याचं मत होतं.

तर असा तो आत गेला.

ईसीजी काढणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. कामात चोख आणि जिभेनं तिखट. त्यांनी बारक्याला शर्ट काढून आडवं व्हायला सांगितलं, हातापायांना चिमटे लावले, छातीवर गार जेल चोपडून रबरी फुगे चिकटवले.

"हलायचं नाही, बोलायचं नाही. पोट आत ओढायचं नाही, इथे कुणी बघत नाहीये."

बारक्यानं पोट सोडलं. छाती इतकी धडधडत होती की हे यंत्र आपलं खरं नावच कागदावर छापून काढणार, अशी त्याला धास्ती वाटली. कागद सरसर बाहेर आला. ताईंनी त्यावर दादाचं नाव लिहिलं आणि तो डॉक्टरबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

थोड्या वेळानं आतून निरोप आला, पुन्हा एकदा काढा. ताईंच्या कपाळावर आठी पडली. पुन्हा गार जेल, पुन्हा फुगे, पुन्हा कागद.

डॉक्टरबाई ठेंगण्याशा होत्या, चष्मा कपाळावर सरकवून ठेवायच्या आणि मग तोच टेबलावर शोधायच्या. समोर त्यांनी तीन कागद ओळीनं मांडले होते. एक गेल्या वर्षीचा, दोन आजचे.

"बसा. घाबरू नका, वाईट काही नाही," त्या म्हणाल्या. "उलट सगळं चांगलं आहे, आणि तेच मला कळत नाहीये."

"पथ्य पाळलं, मॅडम," बारक्या म्हणाला. "तेलकट सोडलं."

त्यांनी त्याच्या पोटाकडे एकवार पाहिलं. "ते दिसतंय. वजन चांगलंच वाढलंय वर्षात." मग पेन उचलून त्यांनी गेल्या वर्षीचा कागद त्याच्याकडे वळवला. "हे बघा, तुमचंच हृदय आहे, तुम्हाला समजायला हवं. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निरोप निघतो, की आता काम करा. हा छोटा उंचवटा दिसतो ना? ती हाक. मग हा उंच सुळका. तो खालच्या मोठ्या कप्प्यांनी दिलेला ओ. हाक, ओ. हाक, ओ. जन्मभर हेच चालतं."

बारक्यानं मान डोलावली. एवढं त्याला समजलं.

"हाक खाली पोचायला वाटा आहेत. एक उजवीकडे जाते, एक डावीकडे. डावीला पुढे दोन फाटे फुटतात. म्हणजे धरून चला, तीन. गेल्या वर्षीच्या कागदात उजवी वाट बंद आहे. ही छातीवरची पहिली ओळ बघा. साध्या एका टोकाच्या जागी दोन शेंडे, सशाच्या कानांसारखे. वीज आडवाटेनं उशिरा पोचली की असे कान उगवतात." पेन दुसरीकडे सरकलं. "आता डावीचा पुढचा फाटा. तो बंद आहे हे कशावरून कळतं? विजेच्या एकूण कलावरून. आम्ही त्याला अक्ष म्हणतो. चारचौघांचा कल खाली आणि जरासा डावीकडे असतो, म्हणून हातापायांच्या ओळींपैकी या पहिल्या ओळीत आणि या दुसऱ्या ओळीत, दोन्हीकडे सुळका वर दिसतो. इथे पहिलीत वर आहे, पण दुसरीत बघा, खाली लोंबतोय. म्हणजे कल डावीकडे, वरच्या बाजूला फिरलाय."

कापड आडवं धरलं की उभं धरलं, हे शिंप्याला लांबून कळतं. बारक्याला तो फरक लगेच दिसला. दादाच्या रेषा खरोखरच उलट्या तिरक्या पडल्या होत्या.

"उरली एकच वाट," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सगळा भार तिच्यावर. आणि तीही दमलेली असावी, कारण हाक आणि ओ यांतलं अंतर वाढलंय. हे गेल्या वर्षी. आज? कान नाहीत, कल जागच्या जागी, अंतर बरोबर. एखादी बंद वाट मधूनच उघडते, हे मी पाहिलंय. पण सगळ्याच एकदम, जशा काही कालच बांधल्यात? असं मी कधी पाहिलेलं नाही."

ताई दारात उभ्या होत्या. "माझ्या वायर बरोबर होत्या," त्या म्हणाल्या. "आजच्याही आणि तेव्हाच्याही."

"वायरचा प्रश्नच नाही, ताई. हाताच्या वायर अदलाबदल झाल्या तर पहिली ओळच उलटी पडते. इथे ती सुलटी आहे. आणि वायर चुकल्यानं सशाचे कान उगवत नाहीत." डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा कपाळावर ढकलला. "हे एका माणसाचे कागद नाहीत. ही दोन वेगळी हृदयं आहेत."

झालं, आता पोलीस येणार, आपल्याला आणि दादाला एकाच गाडीतून नेणार, इथपर्यंत बारक्याची मजल गेली. पण डॉक्टरबाईंचा एक स्वभाव होता. काही बिघडलं की त्या आधी आपल्याच घरात चूक शोधत. समोर बसलेला माणूस खोटा असेल, हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

"गेल्या वर्षी त्या दिवशी इथे किती झुंबड होती, आठवतं ना?" त्या ताईंना म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचा तरी कागद यांच्या नावावर गेला."

"माझ्या हातून?" ताईंचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "कागद हातात आल्या आल्या मी नाव लिहिते. माझ्या हातून असं कधी..." त्यांनी दाराची कडी उगाचच दोनदा सरकवली आणि डोळे पुसले.

"चूक माझीही असेल. सही माझी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्या बारक्याकडे वळल्या आणि त्यानं ज्याची कल्पनाही केली नव्हती ते त्यांनी केलं. त्यांनी हात जोडले. "वर्षभर तुमच्या जिवाला उगाच घोर लावला आम्ही. तुमच्या घरच्यांनासुद्धा. माफ करा. तुमचं हृदय उत्तम आहे."

त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि दाखला त्याच्या हातात दिला. बारक्यानं तो घेतला. जे न्यायला तो आला होता ते त्याला मिळालं होतं. आता उठायचं आणि सटकायचं, एवढंच उरलं होतं. तो उठलाही. पण डॉक्टरबाईंनी फोन उचलला होता, आणि त्याचे पाय रेंगाळले.

"हो, दवाखान्यातूनच बोलतेय," त्या कंपनीच्या माणसाला सांगत होत्या. "गेल्या वर्षी त्या दिवशी तपासणीला आले होते ते सगळे क्रेनवाले खाली उतरवा. आत्ता. हो, वर आहेत तेसुद्धा. काम थांबलं तर थांबू दे. त्यांच्यातल्या एकाच्या हृदयाचा भरवसा नाही, आणि त्या बिचाऱ्याला ते ठाऊकही नाही. एकेक करून सगळ्यांना माझ्याकडे पाठवा. तो सापडेपर्यंत मी इथून हलणार नाही."

बारक्या दारापाशी पोचला होता. ताई बाजूला सरल्या, त्यांचे डोळे लाल होते. त्यानं दाराला हात घातला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, त्या माणसाला काय होईल?"

"कुणाला? ज्याचा हा कागद आहे त्याला?" डॉक्टरबाईंनी फोन ठेवला. "कदाचित वर्षानुवर्षं काहीच नाही होणार. असे पुष्कळ लोक असतात. पण तो कधी शुद्ध हरपून पडला असेल, एकदा जरी, तर मी त्याला स्टुलावरसुद्धा चढू देणार नाही."

"एकदा पडला असेल तर काय?"

"तर ती शेवटची वाटही अधूनमधून बंद पडतेय, असं समजायचं. हाक जाते आणि ओ येत नाही. बहुतेक वेळा थोड्या वेळानं येतो. माणूस उठून बसतो आणि म्हणतो, ऊन लागलं, नाहीतर म्हणतो, पोटात काही नव्हतं."

बारक्याचा हात दारावरच राहिला. "आणि बाकीच्या वेळा?"

"बाकीच्या वेळा येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि वाईट याचंच वाटतं, की उपाय सोपा आहे हो. खांद्याखाली एक छोटीशी पेटी बसवतात. हृदयानं ओ दिला नाही की ती त्याला जागं करते. माणूस चांगला म्हातारा होऊन मरतो. फक्त तो वेळेत सापडायला हवा."

बारक्या परत आला आणि खुर्चीत बसला. इतके दिवस तो दादाच्या नोकरीवर पांघरूण घालत होता अशी त्याची समजूत होती. आता त्याला कळलं की तो कशावर पांघरूण घालत होता. आपल्या हातातल्या त्या दाखल्याकडे पाहून त्याला शिसारी आली. त्यानं तो टेबलावर ठेवला आणि डॉक्टरबाईंच्या दिशेनं ढकलला.

"तो माणूस मला माहीत आहे," तो म्हणाला. "तो माझा दादा आहे. हे सगळं त्याचं आहे. नाव, तारीख, ओळखपत्र. मी धाकटा. मी शिंपी आहे, मॅडम, मी आयुष्यात क्रेनवर चढलेलो नाही. आणि तो पडला होता. बूट बांधताना पडला. पोटात काही नव्हतं, असंच म्हणाला."

डॉक्टरबाईंचा चेहरा लालबुंद झाला. "माझ्या ताईंना रडवलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी हात जोडले तुमच्यापुढे! लाज कशी..." त्या तिथेच थांबल्या. राग गिळायला त्यांना बराच त्रास झाला, तो दिसला. "कुठे आहेत ते?"

"समोर. चहाच्या दुकानात. दुसऱ्या पाळीला चढायचंय त्याला."

"मग जा आणि घेऊन या. रस्त्यावर आरडाओरडा नको, त्यांना धावायला लावू नका. पण आणा."

ताईंनी मात्र त्याच्यासाठी दार उघडलं, आणि त्या रागावल्या असत्या तरी वाटली नसती इतकी शरम बारक्याला वाटली.

दादा दुकानाच्या पुढच्याच बाकावर बसला होता. बारक्या रस्ता ओलांडून येताना दिसला तसा त्याचा चेहरा उजळला. "झालं?" त्यानं विचारलं आणि दुकानदाराला बोट दाखवून आणखी एक चहा सांगितला.

"झालं," बारक्या म्हणाला. "मी सगळं सांगितलं, दादा."

दादाला ते आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यानं कप खाली ठेवला, आणि हळू आवाजात जे बोलायला सुरुवात केली ते बारक्यानं पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. खाल्ल्या घरचे वासे मोजतोस. तुला पोटच्या पोरासारखं वाढवलं. एक सकाळ मागितली होती, एक. बारक्या खाली मान घालून ऐकत राहिला. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं.

"तू मरशील, दादा," तो शेवटी म्हणाला.

"मग मरेन. वर मरेन. तुझं काय जातं?" दादा उठला, पिशवी खांद्याला लावली आणि बस थांब्याच्या दिशेनं चालू लागला.

बारक्या त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. रडावं, पाय धरावेत, वहिनीचं नाव घ्यावं, असं सगळं त्याच्या मनात आलं. पण यातलं काही दादाला थांबवणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. मरणाला दादा भीत नव्हता. त्यानं दुसरंच विचारलं.

"हुकाला माल असताना तुझे डोळे मिटले तर काय होतं?"

"काही होत नाही," दादा तुटकपणे म्हणाला. "हात सुटला की क्रेन आपोआप थांबते. ब्रेक लागतो."

"आणि माल?"

"माल झुलतो."

"किती?"

किती झुलतो ते दादाइतकं कुणालाच माहीत नव्हतं. लोखंडी गर्डर असला तर किती, काँक्रीटची बादली असली तर किती, वारा असला तर कुठपर्यंत. माणसांच्या डोक्यावरून त्यानं उभ्या आयुष्यात कधी माल नेला नव्हता. बाकीचे वेळ वाचवायला नेत, हा लांबून वळसा घालून नेई आणि त्यासाठी शिव्या खाई. खाली हुकाला माल अडकवणारी माणसं म्हणायची, वर हा असला की मान वर करून बघावं लागत नाही.

"आज खाली कोण आहे?" बारक्यानं विचारलं.

दादानं मान वळवली. रस्त्यापलीकडे दवाखान्याच्या दारात ताई या दोघांची वाट बघत उभ्या होत्या. मग दादानं पिशवी खांद्यावरून काढून बारक्याच्या हातात दिली, आणि रस्ता ओलांडला.

त्याच पलंगावर आता दादा आडवा झाला. ताईंनी चिमटे लावले, फुगे लावले. दादाला त्या काहीच टोचून बोलल्या नाहीत. "गार लागेल हं जरा," एवढंच म्हणाल्या. दादा छताकडे बघत राहिला. बारक्या मशीनपाशी उभा राहिला, आणि त्याला कुणी बाहेर काढलं नाही.

कागद सरकू लागला. सशाचे कान होते. दुसऱ्या ओळीत सुळके खाली लोंबत होते. म्हणजे ताईंनी गेल्या वर्षी काढलेला कागद अचूक होता, दादाचाच होता. ताईंनी ते डॉक्टरबाईंना बोटानं दाखवलं, आणि डॉक्टरबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बारक्या मात्र एकाच ओळीकडे बघत होता. छोटा उंचवटा, मग मोठा सुळका. हाक, ओ. हाक, ओ. हाक, ओ. तो मनातल्या मनात मोजल्यासारखं म्हणत राहिला. हाक, ओ. हाक.

आणि पुढे सपाट रेषा.

मग पुन्हा उंचवटा आला आणि त्याच्यामागे ओ आला, जसं काही मध्ये घडलंच नव्हतं.

"मॅडम!" तो ओरडला.

"पाहिलं मी," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "आणखी चालू ठेवा, ताई." थोड्या वेळानं ते पुन्हा झालं. हाक गेली, ओ आला नाही, पुढच्या हाकेला आला. त्यांनी कागद फाडून हातात घेतला. "कळलं का तुम्हाला काही आत्ता?" त्यांनी दादाला विचारलं.

"काय कळायचं?" दादा म्हणाला. "मी ठीक आहे."

"एक ठोका पडला नाही तुमचा. आत्ता, इथे. दोनदा." त्या पलंगाच्या कडेला टेकल्या आणि कागद त्याच्या डोळ्यांपुढे धरून त्यांनी ती सपाट जागा दाखवली. रागाचा मागमूसही आता त्यांच्या आवाजात नव्हता. "ही तुमची शेवटची वाट आहे. ती अशीच एखाद्या दिवशी जास्त वेळ बंद राहील. आजच मोठ्या रुग्णालयात जायचं, एक-दोन दिवसांत पेटी बसवतील. मग घरी जाल, चालाल, फिराल, हवं तितकं भांडाल."

"आणि वर?"

"नाही," त्या म्हणाल्या. "केबिनमध्ये मी तुम्हाला आता पाठवू शकणार नाही. खोटं कशाला सांगू? खाली उभं राहून मालाला इशारा देणारा लागतो ना कुणी? मी कंपनीला स्वतः लिहीन, की याच्याइतका चांगला तुम्हाला मिळणार नाही."

दादा परत छताकडे बघू लागला. त्याच्या कानाकडे पाण्याचा एक ओघळ गेला. त्यानं तो पुसला नाही, हाताला चिमटे होते. बारक्याला पहिल्यांदाच दादा म्हातारा दिसला आणि त्याला फार वाईट वाटलं. हे आपण केलं, हे त्याला ठाऊक होतं, आणि पुन्हा वेळ आली तर आपण पुन्हा हेच करू, हेही त्याला ठाऊक होतं.

डॉक्टरबाईंनी फोन उचलला. कंपनीला कळवायचं होतं, उतरवलेल्या बाकीच्या माणसांना वर जाऊ द्यायचं होतं. ताई दादाचे चिमटे काढत होत्या. एक हात मोकळा झाला तसा दादानं तो पुढे केला.

"मी सांगतो," तो म्हणाला.

त्यांनी फोन त्याच्याकडे दिला. पलीकडे मुकादम होता, त्याचा वैतागलेला आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. सगळ्या क्रेन उभ्या आहेत, सगळे खाली बसलेत, तो कोण आहे ते एकदाचं सांगा.

"मी आहे," दादा म्हणाला. "ज्याला शोधताय तो मी आहे. बाकीच्यांना वर जाऊ दे." मुकादम काहीतरी विचारत होता. दादानं ऐकून घेतलं. "नाही. आज नाही येत. आता नाही येत मी." मग घसा खाकरून त्यानं पुढचं सांगितलं. "माझ्या जागी जो जाईल त्याला सांग, पलीकडच्या भिंतीला वारा जोरात वळतो. माल उचलताना घाई करू नको म्हणावं."

फोन ठेवून तो उठून बसला. रुग्णवाहिका येईपर्यंत झोपूनच राहा, असं डॉक्टरबाईंनी दटावलं, तरी बसूनच राहिला. बराच वेळ तो बारक्याकडे बघत नव्हता. मग बघितलं.

"उतरवलंस मला खाली," तो म्हणाला.

"हो," बारक्या म्हणाला. "पण शिडीनं उतरवलं, दादा."

रुग्णवाहिका दाराशी येऊन उभी राहिली तेव्हा दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली, आणि त्यांनी बारक्याला बाजूला व्हायला सांगितलं. त्याला होता येईना. दादानं त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.